क्सिनोमाव्रो कुवेतला उतरली

मला कुवेत बघायचं नव्हतं. तिकिटावर ते फक्त विमान बदलायचं ठिकाण होतं. उतरायचं, कॉफी प्यायची, पुन्हा चढायचं, की मुंबई. कुवेतमध्येच माझा सख्खा धाकटा भाऊ सुनील गेली बावीस वर्षं राहतो. त्याला मी काहीही कळवलं नव्हतं. दोन वर्षं आमचं धड बोलणं नव्हतं. दिवाळीला फोन, भाऊबीजेला फोन. "बरी आहेस ना?" "बरी आहे." संपलं.

मी नाशिकजवळच्या एका वायनरीत वाईन तयार करते. जानेवारी ते मार्च द्राक्षं येतात आणि त्या दिवसांत माणूस माणसात राहत नाही. टाक्या, पंप, साली, पुन्हा टाक्या. यंदाचा हंगाम संपला तेव्हा माझे गुडघे संपले होते आणि उत्साह त्याआधीच. दुसऱ्याने ठरवलेल्या चवीची वाईन दुसऱ्यासाठी करत राहायचं, याचा कंटाळा आला होता. आमच्या दिंडोरीच्या जमिनीत वडिलांनी लावलेली थॉमसनची जुनी बाग आहे. खायची हिरवी द्राक्षं. ती काढून तिथे वाईनची काळी द्राक्षं लावावीत, स्वतःची थोडीशी वाईन करावी, हा माझा हट्ट. जमीन दोघांच्या नावावर. सुनील म्हणाला, "नाही." का नाही, ते सांगितलं नाही. त्यावरून आमचं बिनसलं.

एप्रिलच्या अखेरीस बागेची खरड छाटणी येते, म्हणजे माल उतरलेल्या वेलींच्या काड्या अगदी आखूड छाटायच्या. छाटणी केली की बाग आणखी एक वर्ष राहणार. काढायची असेल तर त्याआधीच काढायला हवी. मी ग्रीसला निघाले तेव्हा हा निर्णय तसाच लटकत होता.

नाउसा

ग्रीसच्या उत्तरेला, थेसालोनिकीपासून दीडेक तासावर, डोंगराच्या पायथ्याशी नाउसा नावाचं गाव आहे. तिथे क्सिनोमाव्रो नावाचं काळं द्राक्ष होतं. ते तिथलंच आहे, बाहेरून आणून लावलेलं नाही. नावाचा अर्थ सरळ 'आंबट-काळं'. आपल्याकडे कुणी मुलीचं नाव असं ठेवणार नाही, पण त्या लोकांनी द्राक्षाचं ठेवलं आणि अभिमानाने ठेवलं.

माझी सोय थानासिस नावाच्या म्हाताऱ्याकडे झाली होती. तरुणपणी जहाजावर काम केल्यामुळे त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. घरात तो आणि एक बहिरा कुत्रा. बायको देस्पिना काही वर्षांपूर्वी गेलेली. सकाळी तो मला बागेत न्यायचा. वेलींना नुकते कोंब फुटले होते. चढावर ओळी, मध्ये गवत, वर डोंगरावर अजून बर्फ. दिंडोरीत त्याच वेळी ऊन चाळीसच्या घरात असणार. मी दोन स्वेटर घालून कुडकुडत होते आणि थानासिस बाह्या वर करून कोंब खुडत होता.

"हे द्राक्ष वाईट स्वभावाचं आहे," तो म्हणायचा. "उशिरा पिकतं, लवकर कुजतं. पाऊस आला तर रुसतं. ऊन जास्त झालं तरी रुसतं."

"मग लावता कशाला?"

"आमचं आहे ना."

दुपारी तो पांढऱ्या घेवड्याचं सूप करायचा. त्यात गाजर, सेलरी आणि वरून इतकं ऑलिव्ह तेल की मला आमच्याकडच्या तर्रीची आठवण व्हायची. सोबत पाव, खारं चीज, भाजलेल्या लाल मिरच्या. आणि एक ग्लास क्सिनोमाव्रो. रंगाने ती फसवते. काळं द्राक्ष म्हणून दाट काळी वाईन येईल असं वाटतं, पण ती पातळ, विटकरी लाल दिसते. पहिल्या घोटाला जीभ आंबते, दुसऱ्याला हिरड्या कोरड्या पडतात. कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा. नवी असताना ती पिणाऱ्याला हाकलूनच देते. पण थानासिसने तळघरातली जुनी बाटली उघडली आणि मी ग्लास पुन्हा पुढे केला. तीच आंबट, तीच तुरट, पण आता वाळवलेल्या टोमॅटोचा, सुकलेल्या गुलाबाचा, ओल्या मातीचा वास. बावीस हंगाम मी हे काम केलंय. असा तुटक, हेकट आणि तरीही प्रामाणिक स्वाद मी कधी करू शकले नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने एक बाटली आणून टेबलावर ठेवली. लेबल नव्हतं. खडूने वर्ष लिहिलेलं.

"देस्पिनाबरोबरची शेवटची," तो म्हणाला. "त्या वर्षी गारा पडल्या. निम्मं पीक गेलं. मग डिसेंबरमध्ये ती गेली. दोनच बाटल्या उरल्यात. शेजारी म्हणतात, अप्रतिम झालीय. ते मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात. तू घरी ने. शांतपणे उघड. आणि मला खरं सांग."

मी ती बाटली दोन स्वेटरमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवली. बॅग थेट मुंबईला जाणार होती. कुवेतमध्ये दारू आणायला, विकायला, प्यायला बंदी आहे हे मला माहीत होतं. पण बॅग तिथे विमानतळाच्या पोटातून परस्पर पुढे जाणार, आपला तिच्याशी संबंध येणार नाही, असा माझा हिशेब होता.

विमानतळ

विमान कुवेतला उतरलं तेव्हा दुपार होती, पण खिडकीबाहेर संध्याकाळसारखा नारिंगी अंधार होता. कुणीतरी हळदीचं पोतं आभाळात झटकावं तसं. धुळीच्या वादळाला तिथे 'तोझ' म्हणतात. आमच्यामागून एकही विमान उतरलं नाही आणि पुढे एकही सुटलं नाही. तासाभराने सांगण्यात आलं की मुंबईचं विमान रद्द झालंय, पुढची जागा कधी मिळेल ते सांगता येत नाही. प्रवाशांनी आपापल्या बॅगा ताब्यात घ्याव्यात, तात्पुरत्या प्रवेशाचा शिक्का मिळेल, हॉटेलची सोय होईल. ज्यांचे नातेवाईक शहरात असतील त्यांनी त्यांच्याकडे जायला हरकत नाही.

बॅगा ताब्यात घ्याव्यात. म्हणजे ती बाटलीही माझ्याच हातात येणार.

मी सुनीलला फोन लावला. दोन वर्षांनंतर, दिवाळी नसताना.

"ताई? काय झालं? कुणाला काय झालं?"

"कुणाला काही नाही. मी कुवेत विमानतळावर आहे."

पलीकडे किल्ल्यांचा आवाज आला. मग म्हणाला, "तिथंच थांब. येतोय."

"सुनील, ऐक. माझ्या बॅगेत वाईनची बाटली आहे."

"काय?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "ताई, वेड लागलंय का तुला? इथे माझा अकामा आहे, पोरीची शाळा आहे. हे लोक बाहेर काढतात!"

अकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. बावीस वर्षांचा संसार त्या परवान्यावर उभा होता आणि मी त्याच्याखाली बाटली ठेवायला निघाले होते.

"मी लपवून आणत नाहीये," मी म्हटलं. "जाऊन सांगते."

बाहेर जाण्याआधी प्रत्येक बॅग यंत्रातून जाते. रांग लांब होती, लोक खोकत होते, मुलं रडत होती. बॅग पट्ट्यावर टाकण्याआधीच मी कस्टम्सच्या टेबलाकडे गेले. तिथे हिजाब घातलेली, चाळिशीतली एक अधिकारी बाई बसली होती. डोळ्यांवरून ती माझ्याइतकीच दमलेली दिसत होती.

"माझ्याकडे वाईन आहे," मी इंग्रजीत म्हटलं. "एक बाटली. मी मुंबईला चालले होते. वादळामुळे इथे उतरावं लागलं."

तिने मान वर केली. "ममनू," ती म्हणाली. मनाई आहे.

"माहीत आहे. म्हणून सांगायला आले."

तिने मला बॅग उघडायला लावली. मी स्वेटर बाजूला करून बाटली तिच्यासमोर ठेवली. तिने ती उजेडात धरली, खडूचे आकडे बघितले.

"लेबल कुठे आहे?"

"नाही. घरी केलेली आहे. एका म्हाताऱ्याने दिली. त्याच्या बायकोबरोबर केलेली शेवटची."

हे मी का सांगितलं कुणास ठाऊक. सुटका व्हावी म्हणून नव्हे. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तिने बाटली टेबलाखाली ठेवली, तीही आडवी, जपून. मग एका कागदावर माझी सही घेतली की ही वस्तू मी स्वतःहून जमा केली आणि परत मागणार नाही.

"चांगली होती?" तिने विचारलं.

"मी अजून चाखली नव्हती."

तिने कागदावर शिक्का मारला. "सॉरी, मॅडम," म्हणाली आणि पुढच्या प्रवाशाला हात केला.

बॅग हलकी झाली होती. ती ओढत मी बाहेर आले. दारापाशी सुनील उभा होता, तोंडावर मास्क, डोक्यावरचे केस पांढरे. मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा ते काळे होते, की काळे केलेले होते? त्याने माझ्या पायांना हात लावला, बॅग घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "दिली?"

"दिली."

त्याने मास्क खाली केला आणि मोठा श्वास घेतला. धूळच आत गेली असणार, कारण गाडीपर्यंत तो खोकत राहिला.

महबूला

सुनील महबूलाला राहतो. समुद्राजवळची उंच इमारतींची वस्ती. सगळीकडे आपली माणसं. खाली दुकानात कढीपत्ता मिळतो, मेथी मिळते, मराठी ऐकू येतं. त्याचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. एरवी खिडकीतून समुद्र दिसतो, असं त्याची बायको अर्चना म्हणाली. मला दोन दिवस फक्त पिवळी भिंत दिसली. अर्चनाने दारा-खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबले होते, तरी ताटात, उशीवर, दातांत बारीक धूळ होतीच.

मुलगी सई पंधरा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. "शाळा बंद का गं?" "ऑनलाइन क्लासेस, आत्या. बिकॉज ऑफ डस्ट." पण आईने केलेली शेंगदाण्याची चटणी तिने बोटांनी पुसून खाल्ली, तेव्हा मला बरं वाटलं.

मी इतकी थकले होते की पहिला दिवस जवळजवळ झोपूनच काढला. सुनील तेलाशी संबंधित एका कारखान्यात शिफ्टवर असतो. तो पहाटे जायचा, दुपारी यायचा, आंघोळ करून गप्प बसायचा. आम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना. तो टीव्हीवर बातम्या बघायचा, मी त्याच्याकडे बघायचे. बागेचा विषय दोघांनीही काढला नाही.

दुसऱ्या दुपारी मी थानासिसला फोन केला. टाळता आलं असतं, पण तो वाट बघत असणार.

"थानासिस, तुमची बाटली कुवेतने ठेवून घेतली."

सगळं सांगितलं. वादळ, बॅग, टेबल. पलीकडे कुत्रा भुंकत होता. मला वाटलं म्हातारा रडतोय की काय. मग हसण्याचा आवाज आला, आधी घशातल्या घशात, मग मोठा.

"म्हणजे ती वाईट झाली होती असं म्हणू शकणारी एकमेव बाई, तू, आता गप्प बसणार," तो म्हणाला. "देस्पिना खूश झाली असेल. तिला टीका आवडत नसे."

"दुसरी बाटली आहे ना?"

"आहे. ती मीच उघडेन. आता मलाच खरं बोलावं लागणार."

फोन ठेवला आणि मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. सुनील दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"म्हातारा रागावला?"

"नाही रे."

"मला वाटलं साधी बाटली असेल," तो म्हणाला. "मी फोनवर ओरडलो."

"बरोबर ओरडलास."

खैतान

तिसऱ्या दिवशी धूळ थोडी बसली. विमानाची जागा आणखी एका दिवसाने मिळणार होती. सुनीलच्या कारखान्यातले हमीदभाई खैतानला राहतात, मूळचे दापोलीकडचे. त्यांनी जेवायला बोलावलं होतं. खैतान म्हणजे दाटीवाटी. इमारतीला इमारत चिकटलेली, बाल्कनीत कपडे, खाली गाड्यांत गाड्या अडकलेल्या. दोन खोल्यांच्या त्या घरात हमीदभाईंच्या बायकोने, रुबीनाभाभींनी, तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण आणि सोलकढी केली होती. नाशिकच्या बाईला सोलकढी लग्नकार्याला हॉटेलात मिळते, तीही गुलाबी रंगाची फसवणूक. ही खरी होती.

"सुनीलभाव सांगत होते, तुमी कायतरी वेगळाच काम करता," रुबीनाभाभी म्हणाल्या.

मी सुनीलकडे बघितलं. तो माशाचे काटे काढण्यात गुंग झाल्याचं दाखवत होता. मला संकोच वाटला. पाच वेळा नमाज पढणाऱ्या घरात काय सांगायचं?

"द्राक्षांचं काम," मी म्हटलं.

"वाईनचं ना?" हमीदभाई हसले. "लाजता कशाला ताई? तुमचं काम तुमचं. आमी पीत नाय, पण ऐकायला काय?"

"कशी लागते?" रुबीनाभाभींनी खरोखरच उत्सुकतेने विचारलं. "म्हंजे, जी तुमची ती बाटली गेली, ती."

ती बाटली मी चाखलीच नव्हती, पण थानासिसने तळघरातून काढलेली जुनी अजून जिभेवर होती. तिथे पिणारं मी सोडून कुणी नव्हतं आणि कधी असणारही नव्हतं. आमच्या वायनरीत येणारे पाहुणे 'चेरी', 'ब्लॅकबेरी' असे शब्द वापरतात, ज्यांपैकी निम्मी फळं त्यांनी झाडावर पाहिलेली नसतात. इथे ते काही चालणार नव्हतं. समोर सोलकढीची वाटी होती.

"आमसूल भिजत घातलंय," मी म्हटलं, "जुनं, काळं पडलेलं. त्या पाण्यात वाळवलेला टोमॅटो पडलाय. शेजारी गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या ठेवल्यात. गोड काहीच नाही. आणि गिळल्यावर कच्च्या सुपारीचा खांड चघळल्यासारखं तोंड कोरडं होतं."

रुबीनाभाभींनी डोळे मिटून विचार केला. मग म्हणाल्या, "मग आमसूलच का नाय खात?"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की सुनील हसत नाहीये. तो माझ्याकडे बघत होता. पंधरा वर्षांपूर्वी मी कामात काय करते हे त्याला एकदा समजावून सांगितलं होतं, त्यानंतर आज त्याने पहिल्यांदा ऐकलं होतं.

निघताना रुबीनाभाभींनी मला आमसुलांची पुडी दिली. "ही विमानातनं न्या," म्हणाल्या. "ही कोन ठेवून घेनार नाय."

सुलैबिया

शेवटच्या सकाळी सुनील म्हणाला, "चल, तुला काहीतरी दाखवतो." सुट्टीचा दिवस होता. आम्ही दोघंच निघालो. आभाळ आता निळसर झालं होतं, पण रस्त्याकडेची झाडं अजून राखेत बुडवून काढल्यासारखी होती. शहर मागे पडलं, गोदामं आणि ट्रक सुरू झाले. सुलैबियाचा भाजी-फळांचा घाऊक बाजार म्हणजे भल्यामोठ्या छपराखाली जगभरातली खोकी. इराणी कलिंगडं, इजिप्तची संत्री, कुठकुठले कांदे. ढकलगाड्या ओढणारी बंगाली माणसं, अरबीत ओरडणारे व्यापारी. सुनील सरळ चालत होता, त्याला कुठे जायचं ते माहीत होतं.

एका इजिप्शियन व्यापाऱ्याच्या गाळ्यासमोर तो थांबला. व्यापाऱ्याने त्याला बघताच हात वर केला. "या हिंदी! इनब?"

हिंदी म्हणजे भारतीय, इनब म्हणजे द्राक्षं. गाळ्याच्या कडेला पांढऱ्या खोक्यांचा एक छोटा ढीग होता. हंगाम संपत आलेला, उरलासुरला माल. वर छापलेलं होतं, भारत, नाशिक. सुनील खाली वाकला आणि एकेका खोक्याच्या बाजूची बारीक चिठ्ठी वाचू लागला. मी कितीदा तरी अशा चिठ्ठ्या आमच्याकडच्या पॅकहाऊसमध्ये लागताना पाहिल्यात, पण कुणी त्या वाचतं हे मला माहीत नव्हतं.

"ही निफाडची," तो म्हणाला. "ही पण. थांब." त्याने एक खोकं ओढलं. "ही दिंडोरी. आपल्या तालुक्याची."

"तुमचा भाऊ दर वर्षी येतो," व्यापारी मला हिंदीत म्हणाला. "जनवरीपासून. बघतो, बघतो, वाचतो. मग एकच खोकं घेतो."

सुनीलने एक घड उचलला, मणी तोडून माझ्या हातावर ठेवला. थॉमसनचा, जरासा मऊ पडलेला. गोड होता. बाकी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मला या द्राक्षात कधीच काही सापडलं नाही, म्हणूनच तर ते काढायचं होतं.

"लागतं का आपल्यासारखं?" त्याने विचारलं.

"लागतं."

आम्ही खोकं घेऊन गाडीत येऊन बसलो. त्याने गाडी सुरू केली, पण हलवली नाही. एसीतून आधी गरम हवा आली.

"मी तुला नाही म्हटलं होतं," तो समोर बघत म्हणाला. "तुला वाटलं असेल मला जमिनीची किंमत कमी होईल असं वाटतं. किंवा मला तुझं काम पटत नाही."

"तू कारण सांगितलंच नाहीस."

"सांगण्यासारखं नव्हतं. ऐकून हसली असतीस." त्याने एसीची जाळी माझ्याकडे वळवली. "ताई, बावीस वर्षांत मी एकदाही द्राक्षांच्या दिवसांत घरी आलेलो नाही. सुट्टी मिळते ती जुलैत. तेव्हा बागेत फक्त पानं. बाबा गेले तेव्हाही पानंच होती. आपल्या बागेचा माल निर्यातीला जातो, कुठे जातो माहीत नाही, पण मी इथे येऊन चिठ्ठ्या वाचतो. कधीतरी आपला गट नंबर सापडेल. अजून सापडला नाही. पण सापडू शकतो. तू वाईन लावलीस, की ती जगात कुठेही जाईल, पण इथे येणार नाही. तू परवा विमानतळावर पाहिलंसच. माझ्यापर्यंत ती कधीच पोचणार नाही."

विमानतळावरच्या टेबलापाशी मला वाटलं होतं की माझ्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलं. इथे हा माणूस बावीस वर्षं रोज तेच सोसत होता आणि त्यावर आवाज काढत नव्हता.

"हसले नाही ना?" मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला, आणि गाडी काढली.

संध्याकाळच्या विमानाला त्याने मला सोडलं. अर्चना आणि सई आल्या होत्या. सईने मिठी मारून कानात चक्क मराठीत म्हटलं, "आत्या, परत ये, पण धूळ घेऊन येऊ नको." सुनीलने बॅग ठेवली, पाया पडला. बागेबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही, मीही नाही.

दिंडोरी

घरी आल्यावर मी दोन दिवस अंथरुणात होते. घशात धूळ आणि अंगात कणकण. तिसऱ्या दिवशी छाटणीची टोळी आली. पेठकडची माणसं, दर वर्षीची. त्यांचा मुकादम विचारायला घरी आला, "ताई, बाग काढायची म्हणत होता. जेसीबी सांगू की कात्र्या लावू?"

उन्हात बागेकडे बघितलं. तारांवर आडवे पसरलेले जुने ओलांडे, जाड झालेली खोडं, वडिलांनी ओळीने लावलेले खांब. माझ्या डोक्यात नाउसाचा चढ होता, तो विटकरी ग्लास होता. क्सिनोमाव्रोची रोपं आणायची म्हणजे परवानग्या, तपासण्या, वर्षं. तोवर दुसरं काही काळं द्राक्ष. सगळं मनात मांडून झालं होतं. आणि मी म्हटलं, "छाटा. राहू द्या बाग."

मुकादम गेला. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट एक मोठं काम हातातून सुटल्यावर जी पोकळी होते, ती झाली. मी बांधावर बसून राहिले. कात्र्यांचा आवाज सुरू झाला.

अकराच्या सुमारास सुनीलचा फोन आला. मागे यंत्रांची घरघर होती. तो कामावरून बोलत होता.

"ताई, छाटणी आली असेल ना?"

"आली आहे."

"मी अर्चनाशी बोललो. विचार केला. काढून टाक बाग. तुझी वाईन लाव. मी चिठ्ठ्या वाचतो हे काही कारण झालं का? म्हातारा झाल्यावर इकडून परत येईनच ना, तेव्हा पिईन."

मी उठून उभी राहिले. "सुनील, मी छाटायला सांगितलंय."

"काय?"

"सकाळीच. माणसं कामाला लागलीत."

घरघर तशीच चालू होती. कुणीतरी त्याला अरबीत हाक मारली, त्याने "एक मिनिट" म्हटलं. मग विचारलं, "कुठपर्यंत आलेत?"

मी हाताने डोळ्यांवर सावली धरली. टोळी विहिरीकडून निघाली होती. "लिंबाच्या झाडापर्यंत."

"थांबव त्यांना."

मी मुकादमाला हाक मारली. माणसांनी कात्र्या खाली केल्या आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. लिंबाच्या अलीकडे छाटलेल्या उघड्या काड्या, पलीकडे जुनी पानं तशीच, धुळीने माखलेली.

"थांबले," मी फोनमध्ये म्हटलं.

"मग लिंबापर्यंत माझी," सुनील म्हणाला. "पलीकडची तुझी. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं, आणि मुकादमाला सांगितलं, "एवढंच. आता जेसीबीवाल्याला फोन लावा."